तिसऱ्या तुकडीची वाट

उत्तमनानांनी काळाला आपल्या मुठीत ठेवलं होतं. हे वाक्य माझं नाही. पाचोऱ्याच्या शोकसभेत एका वक्त्यांनी ते उच्चारलं आणि नंतर डोळे मिटून इतका वेळ थांबले, की आवाज गेला असं समजून माईकवाल्याने पुढे येऊन वायर हलवून पाहिली. काळ मुठीत ठेवणाऱ्या या माणसाला मी कॉलेजच्या दिवसांपासून ओळखत होतो. धुळ्याच्या होस्टेलात आम्ही एका खोलीत राहिलो. मी पुढे इतिहास शिकवला, त्याने मका केला. तो परीक्षेला उशिरा पोचायचा, स्वतःच्या लग्नात हळदीला उशिरा पोचला, आणि पाचोरा स्टेशनवर त्याच्यापायी आम्ही चुकवलेल्या पॅसेंजर गाड्या एकामागे एक जोडल्या असत्या तर शेवटचा डबा भुसावळात उभा राहिला असता. मक्याला फुलोरा कधी यावा, एवढ्या एका बाबतीत त्याला वेळेची चाड होती. बाकी सगळीकडे तो निवांत. त्यामुळे तो आमच्या सगळ्यांच्या आधी गेला, हे मला अजूनही त्याच्या स्वभावाला धरून वाटत नाही.

बातमी आली ती होळीच्या आधी, सकाळी, मी धुळ्याच्या घरी पेपर उघडून बसलो होतो तेव्हा. फोन कमलवहिनींचा, उत्तमच्या पत्नीचा. “भाऊ, नाना गयात,” त्या म्हणाल्या. मागे कुणीतरी खुर्च्या ओढत होतं. मग त्याच आवाजात, “त्यास्नी तुम्हले पिना आनाले सांगेल व्हतं ना… त्या राहू द्या आते.” पिना म्हणजे स्टेपलरच्या. मी त्या आदल्या दिवशीच घेतल्या होत्या आणि डबी शर्टाच्या खिशात होती. तोच शर्ट घालून मी अंत्ययात्रेला गेलो. शेवटचं वाकून दर्शन घेताना डबी खिशातून निसटून खाली पडली. उत्तमचा धाकटा भाऊ हिंमत शेजारी उभा होता. त्याने ती उचलली, धोतराला पुसली आणि एक शब्द न विचारता माझ्या खिशात परत ठेवली.

सरकारी कागदावर उत्तमचा हुद्दा ‘पैदासकार’ असा होता. मुलगी बघायला आम्ही धरणगावला गेलो तेव्हा कमलवहिनींच्या मामांनी हा शब्द ऐकून पहिला प्रश्न विचारला, “मंग म्हशी कितल्या शेत?” उत्तम म्हणाला, “म्हशी नही मामा, मका.” मामा विचारात पडले. “मकानी पैदास करनी पडस? ती ते पेरी दिधी का आपोआप येस.” लग्न जमलं, पण मामांचं समाधान शेवटपर्यंत झालं नाही. त्यांना उत्तर देण्यातच उत्तमची पुढची सगळी नोकरी गेली, असं म्हटलं तरी चालेल.

एरवी मका हे बाहेरून सरळ झाड आहे. नर आणि मादी एकाच ताटावर, म्हणजे खोडावर, राहतात, पण वेगवेगळ्या मजल्यांवर. डोक्यावर तुरा, त्यातून पिवळा पराग झडतो. कमरेशी कणीस, त्याच्या टोकातून ओलसर, चमकदार केस बाहेर लोंबतात. एक केस म्हणजे एक दाणा. ज्या केसावर पराग पडला नाही त्याची जागा कणसावर रिकामी राहते, म्हाताऱ्याच्या दातांसारखी. पराग उन्हात काही तासांत मरतो, केस काही दिवस वाट बघतात. तेव्हा दोघांची वेळ जुळली तर कणीस भरतं, नाही जुळली तर म्हशींची चैन. हे मला उत्तमने अनेकदा समजावलं होतं. प्रत्येक वेळी मी पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा करत असे, कारण हे सांगताना तो उभा राहून दोन्ही हात वापरायचा आणि ते बघण्यासारखं असायचं.

एक दिवस मात्र विसरता येत नाही. आम्ही दोघंही तेव्हा तरुण होतो. धुळ्याजवळच्या ज्या संशोधन केंद्रात तो नोकरीला होता तिथल्या वावरात तो मला घेऊन गेला. मका जेमतेम गुडघ्याला लागत होता. त्याने एक चांगलं, हिरवंगार ताट मुळासकट उपटलं, खिशातून दाढीचं ब्लेड काढलं आणि खोड उभं चिरलं. आतली कोवळी पानं एकावर एक गुंडाळलेली होती. ती सोलत सोलत तो अगदी मध्यावर गेला आणि ब्लेडच्या टोकाने दाखवलं. तांदळाच्या कणीएवढं काहीतरी होतं, पाणचट पांढरं. नीट पाहिलं तर त्याला फांद्या होत्या. तो तुरा होता, पुरा. “बाहेरून विचारशील तर हे अजून पोर आहे,” उत्तम म्हणाला. “पण याचा शेंडा वळला. आता हे एकही नवीन पान तयार करणार नाही. जी पानं दिसायची राहिलीत ती आतमध्ये कधीच घडून बसलीत. पुढे महिनाभर तुला वाटेल, काय वाढतंय! ते नुसतं उलगडत असतं.” मी विचारलं, “त्याला सांगतं कोण, की आता वळ?” तो म्हणाला, “पानं. ऊन किती साठलं, रात्र केवढी झाली, सगळं पानांना कळतं. ती शेंड्याला निरोप धाडतात. तो बिचारा आत अंधारात.” मी म्हटलं, “म्हणजे आपल्या विद्यापीठासारखं.” “नही रे,” उत्तम म्हणाला, “तठे निरोप पोचस कोठे?”

‘शेंडा वळला’ हे तेव्हापासून त्याचं पालुपद झालं. मुलीने पुण्याला नोकरी धरायची असं घरात अजून कुणाला सांगितलंही नव्हतं, तेव्हा हा म्हणाला, तिचा शेंडा वळलाय. आमच्या एका मित्राचा संसार मोडण्याच्या कितीतरी आधी तो हेच म्हणाला होता. लोक निर्णय घेतात असं आपल्याला वाटतं तेव्हा तो निर्णय जुना झालेला असतो, असं त्याचं म्हणणं. मी इतिहासाचा माणूस. मला ते पटत होतं, आणि पटतंय हे त्याला कळू देणं परवडणारं नव्हतं.

नोकरीत त्याने केलं ते एवढंच: शेंडा कधी वळतो, हे पिढ्यान्‌पिढ्या इकडून तिकडे सरकवत राहिला. घाईची जात थोड्या पानांवर वळते, लवकर फुलते, पण कणीस लहान. सावकाश जात पानांमागून पानं काढत बसते, कणीस दांडगं देते, पण ती फुलायला येते तेव्हा कोरडवाहू भागात पावसाने पाठ फिरवलेली असते. शिवाय झाड तहानलं की तुरा ठरल्या वेळी काढतं आणि केस मात्र मागे ठेवतं. पराग झडून जातो, केस नंतर येऊन रिकाम्या घरात बसतात. म्हणून उत्तम ऐन फुलोऱ्यात मुद्दाम पाणी तोडायचा आणि बघत बसायचा, की तहान लागूनही कोणत्या ताटाचे केस तुऱ्याच्या मागोमाग निघतात. त्या ताटाचं बी ठेवायचं, बाकीची कापायची, पुढच्या हंगामात पुन्हा तेच. वाटेने जाणारे शेतकरी हळहळायचे. “नाना, पानी लावा ना वो. तडफडी राहिनात त्या.” हा बांधावरून म्हणायचा, “तडफडू दे. कोन तग धरस ते देखानं शे.” अशी बोलणी ऐकून गावात त्याच्या स्वभावाबद्दल काही गैरसमज पसरले होते. ते दूर करायचा प्रयत्न त्याने केला नाही.

निवृत्त होताना त्याचा मोठा सत्कार झाला. शाली इतक्या मिळाल्या, की त्या त्याने वावरातल्या खोलीत वाळत घातलेल्या कणसांवर पसरल्या. उंदीर शालीवरून घसरतात, हा त्याचा निवृत्तीनंतरचा पहिला शोध. पाचोऱ्याजवळच्या गावी दोघा भावांचं सामाईक वावर होतं. त्याच्या एका कोपऱ्यात त्याने नोकरीत राहून गेलेलं काम सुरू केलं.

सातपुड्याच्या पायथ्याचे भायलाभाऊ त्याचे जुने मित्र. त्यांच्या घरी चुलीच्या वर, धुरात, मक्याची कणसं टांगलेली असत. बुटकी, नारिंगी, टणक दाण्याची. पाऊस जायच्या आत फुलून मोकळी होणारी. उत्तम त्या जातीला ‘डोंगरी’ म्हणायचा. भायलाभाऊंची मुलं आता दुकानातून बियाण्याचं पाकीट आणतात. उत्तम दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे गेला तेव्हा धुरात थोडीच कणसं लटकत होती. “आता कोण पेरतो? मी म्हातारा झालो, कणीस पण म्हातारं झालं,” असं म्हणत भायलाभाऊंनी ती काढून त्याच्या हातात दिली. दुसरीकडे उत्तमकडे त्याने स्वतः घडवलेली एक उंच, दांडग्या कणसाची जात होती. ती नेहमी उशिरा यायची आणि भरपूर खायची, म्हणून तिचं नाव ‘साहेब’. डोंगरी आणि साहेब यांची गाठ घालायची, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांतून डोंगरीची वेळ पाळणारं आणि साहेबासारखं कणीस देणारं झाड निवडायचं, एवढंच त्याला आयुष्याच्या शेवटी हवं होतं. वक्ते म्हणाले तसं काळाला मुठीत वगैरे ठेवायचं नव्हतं. दोन झाडं एका सकाळी फुलायला हवी होती.

गेल्या पावसाळ्यानंतर त्याचं पोट दुखू लागलं. जळगावला तपासण्या झाल्या. डॉक्टर सज्जन होते. ते म्हणाले, हे आत्ताचं नाही, बऱ्याच आधी सुरू झालेलं असणार. आम्ही बाहेर आलो. जिन्याच्या कठड्याला टेकून उत्तम म्हणाला, “शेंडा वळला रे.” मला उपमा सुचवायची खोड आहे, पण तिथे मला करण्यासारखं काही उरलं नव्हतं… आम्ही खाली उतरलो आणि चहा प्यायलो. चहा चांगला होता, असंही तो म्हणाला.

संक्रांतीनंतर त्याने साहेब पेरला. मुद्दाम आडवेळी, म्हणजे तो फुलेल तेव्हा आसपास कुणाचा मका फुलोऱ्यात नसेल आणि परका पराग उडून येणार नाही. साहेब सावकाश, म्हणून डोंगरी मागून पेरायची. तीही एकदम नाही, तीन तुकड्यांत, मध्ये काही दिवस सोडून. तिसरी तुकडी पेरली तेव्हा मी तिथे होतो. त्याला बसवत नव्हतं आणि उभंही राहवत नव्हतं. बांधावर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून तो कलता पडला होता आणि वहिनी टोकून बी लावत होत्या. “दोन बोटं खोल… जास्त नको,” हा खुर्चीवरून. वहिनी न बघता म्हणाल्या, “इतली वरीस भाकरी थाप्यात मी, तवय नही सांगं कितली जाड करानी.” मी त्याला चिडवलं, “तीन तुकड्या कशाला? तुझा अंदाज बरोबर असेल तर एक पुरे.” त्याने माझ्याकडे पाहिलं. “अंदाज बरोबर शे. वरीस बरोबर नही ऱ्हास.” निघताना मी विचारलं, पुढच्या वेळी काय आणू? तो म्हणाला, “पिना आन.” शेवटी ते तुम्हाला काय म्हणाले होते, असं लोक मला विचारतात. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो.

तो गेला आणि द्वारदर्शनाला, म्हणजे दारावर सांत्वनाला, येणाऱ्या माणसांनी घर भरून गेलं. हिंमतने त्या पहिल्या दिवशीच विहिरीवरची मोटार बंद केली. का, हे कुणी विचारलं नाही आणि विचारायचं कारणही नव्हतं. विहीर घराच्या मागेच आहे. दारात माणसं मांडी घालून गप्प बसलीयत, आत बायका रडतायत आणि मागून मोटार धडधडतेय, हे दुःखाच्या घरी बरं दिसत नाही. इकडे कुठल्याही घरात हेच झालं असतं. गंधमुक्तीपर्यंत, म्हणजे सुतक फिटेपर्यंत, वावराला पाणी नव्हतं. ऊन चढलं होतं. आणि नेमक्या त्याच दिवसांत साहेब पोटातून तुरा वर ढकलत होता.

उत्तरकार्य झालं, मुलगी पुण्याला परत गेली आणि वहिनी पहिल्यांदा वावरात गेल्या. मी बरोबर होतो. साहेबाची पानं विडीसारखी वळलेली. तुरे बाहेर आलेले, पण कणसांना केसांचा पत्ता नाही. वहिनींनी विचारलं, “मोटार कोनी बंद करी?” हिंमत म्हणाला, “मी. सुतकमा मोटार लावतस का, वहिनी?” वहिनी चालत गेल्या, मोटार सुरू केली आणि पाणी दांडात येईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. परत येऊन म्हणाल्या, “जलमभर त्यास्नी दुसरास्ना मका तहानेल ठेवा. आते त्यास्नाच मका तहानेल ऱ्हायना.” मग साहेबाचे तुरे त्या एकेक करून खुडू लागल्या. साहेबाचा स्वतःचा पराग साहेबावर पडता कामा नये, डोंगरीतही मिसळता कामा नये, अशी उत्तमने सांगून ठेवलेली रीत होती. म्हणजे आता साहेबाच्या बाजूने फक्त केस उरले होते, आणि केस आत बसून होते.

डोंगरीच्या पहिल्या तुकडीला तुरे आले. ठरल्या वेळी, त्याने म्हटलं होतं तसे. पराग झडला, पानांवर पडला, जमिनीवर पडला, बांधावरच्या खुर्चीवर पडला. ती खुर्ची कुणी हलवली नव्हती. साहेबाचे केस निघाले नाहीत. तुकडी संपली. डोंगरीला स्वतःच्या बियांची फिकीर नव्हती, ती आपली आपल्यात भागवत होती. भायलाभाऊंचं बी त्यांना परत मिळणार हे नक्की होतं. पण उत्तमला जी गाठ हवी होती ती पडत नव्हती. मी दर आठवड्याला धुळ्याहून जाऊ लागलो. कशासाठी, हे मला नीट सांगता येणार नाही. भुतांवर माझा विश्वास नाही. पण मक्याच्या वावरात पानांचा आवाज असा येतो, की शेजारच्या ओळीतून कुणीतरी आपल्याबरोबर चालतंय आणि आपण थांबलो की एक पाऊल उशिरा थांबतंय… उशिरा थांबणारा माणूस माझ्या ओळखीचा होता. एकदा पाहिलं तर खुर्चीवर पिवळ्या परागाचा थर होता आणि बैठकीवरचा तेवढा पुसलेला, कुणी बसून उठल्यासारखा. शेजारचं कुत्रं तिथे येऊन झोपतं, हे मला नंतर कळलं. नंतर म्हणजे बऱ्याच नंतर.

दुसरी तुकडी आली. मला त्या तुऱ्यांकडे बघवेना. माणूस गेल्यावर त्याचं सगळं थांबतं, असा माझा समज होता. इथे त्याने लावून ठेवलेलं एकेक ठरल्या वेळी येत होतं, डोकं वर काढत होतं, कुणी भेटायला नाही म्हणून झडून जात होतं. जणू तो पुन्हा पुन्हा स्टेशनवर पोचत होता, आणि या खेपेला गाडीच उशिरा होती. साहेबाच्या एखाददुसऱ्या कणसातून केसांचं टोक दिसू लागलं, तोवर दुसऱ्या तुकडीचे तुरे सुकले.

हिंमतने एका सकाळी विषय काढला. तो वाईट माणूस नाही. वावर दोघांचं, उन्हाळा तोंडावर, आणि त्याच्या मनात केळी. “वहिनी, कापी टाकूत. म्हशीस्ले हिरवा चारा नही शे. आन मंग तठे केयी लावानी शे.”

“तिसरी तुकडी येऊ दे.”

“ती येई आन काय करी? केस ते निघेच नहीत.”

“निघतीन.”

“वहिनी, नाना ऱ्हातात ते गोष्ट न्यारी व्हती. आते कोन देखी हाई?”

“मी देखसू,” वहिनी म्हणाल्या. “मंग तू काप. बठ्ठा काप.”

एवढ्यावर ठरलं. पुढचा हंगाम या कोपऱ्यात मक्याचा नसणार, हेही त्यातच ठरलं.

पाडवा होऊन गेला होता. मी सकाळच्या पहिल्या गाडीने पाचोऱ्याला उतरलो आणि थेट वावरात गेलो. वारा नव्हता. साहेब माझ्या डोक्याच्या वर गेलेला. मी दांडावर उभा होतो आणि आतून आवाज आला, “खट्.” मी तो आवाज ओळखतो. कणसावर कागदी पिशवी चढवायची, तोंड दुमडायचं आणि स्टेपलर मारायचा. आमची अर्धी संभाषणं त्या आवाजाने तुटलेली आहेत. पुन्हा, “खट्.” ओळींच्या फटीतून मला त्याची गवती हॅट दिसली. मग त्याचा खाकी ॲप्रन, मोठ्या खिशांचा. डावा खांदा थोडा खाली टाकून वाकण्याची त्याची लकब… ती पण. मी हाक मारली नाही. कोणती हाक मारायची ते ठरेना. हॅट माझ्याकडे वळली.

“भाऊ, उभा काय ऱ्हायनात?” वहिनी म्हणाल्या. “केस निघनात. आन पिना सरी गयात. तुमनाकडे शेत ना?”

होत्या. ती डबी त्या दिवसापासून मी शर्ट बदलला तरी नव्या खिशात टाकत आलो होतो. का, ते विचारू नका.

पुढचे काही दिवस मी तिथेच राहिलो. तिसरी तुकडी ऐन भरात होती. पूर्वी तो सांगायचा ते काम आता मी करत होतो: संध्याकाळी डोंगरीच्या तुऱ्यांना पिशव्या बांधायच्या, सकाळी ऊन तापायच्या आत तुरा वाकवून पिशवीतच झटकायचा, तळाशी साचलेली पिवळी भुकटी नेऊन साहेबाच्या केसांवर अलगद ओतायची, लगेच झाकायचं आणि पीन मारायची. माझ्या हातून थोडी भुकटी सांडली. “सांडू नका,” वहिनी म्हणाल्या, “चहानी पत्ती नही शे ती.” आणि थोड्या वेळाने, “नाना बी पहिले सांडेत. मंग मी सांगू लागनू.” झाकलेल्या प्रत्येक पिशवीवर तारीख घालायची असते आणि ज्याने काम केलं त्याची आद्याक्षरं. वहिनींनी तारीख घातली आणि खाली उत्तमची आद्याक्षरं घातली. पिशवी न पिशवी. मी पाहतोय हे त्यांच्या लक्षात आलं. “हातले तेच वळण शे,” त्या म्हणाल्या. मी पुढची पिशवी दिली.

दहा वाजले की ऊन असं व्हायचं, की पराग हातातच मेल्यासारखा वाटायचा. मग आम्ही बांधावर बसायचो, वहिनी खाली, मी खाली. खुर्चीवर कुणी बसलं नाही. कुत्रं सोडून.

पंधरवड्याने मी गेलो तेव्हा हिंमत वावरात होता. पिशवीवरूनच कणीस अंगठ्याने दाबून बघत होता, ओळीने, एकेक. वहिनी मागे उभ्या. त्याने सगळी ओळ संपवली आणि मागे न बघता म्हणाला, “भरनात, वहिनी.” सगळी नाहीत. काही अर्धी बोडकी निघणार, हे मलाही दाबून कळलं. पण गाठ पडली होती. हिंमतने मग डोंगरीची पहिली कणसं बियाला काढली, बाकीचा सगळा मका कापला, म्हशींना घातला आणि पिशव्या बांधलेली ताटं तेवढी सोडली. आता तिथे मोकळ्या, तापलेल्या वावरात ती ताटं उभी आहेत, कमरेला पिशव्या बांधून. रस्त्याने जाणारे थांबून बघतात. त्यांतून पुढे काय निघेल, हे कळायला अनेक हंगाम लागतील आणि ते बघणारा पैदासकार लागेल. तो कोण, ते मला माहीत नाही. केळी मात्र यंदाच लागणार आहेत. खड्ड्यांच्या खुणा झाल्या, ताटांना वळसा घालून.

मागच्या आठवड्यात शोकसभेतले ते वक्ते उत्तमच्या घरी आले, बरोबर आणखी दोघे. गावात उत्तमनानांच्या नावाने एक स्मृतिदालन उभारायचं ठरतं आहे. काचेच्या कपाटात ठेवायला त्यांना काहीतरी हवं होतं. उत्तमचा ॲप्रन स्वयंपाकघराच्या दारामागे खुंटीला असतो. काम झालं की वहिनींनी तो जागेवर लावला. त्याच्या पुढच्या बाजूला, खिशाच्या वर, एक मोठा पिवळा डाग आहे. उत्तम गेल्यापासून मी त्या दाराजवळून अंग चोरून जातो. आपला धक्का लागेल आणि त्याच्या शेवटच्या दिवसांतलं ते पिवळं उडून जाईल, अशी मला धास्ती. पराग काही तासांत मरतो आणि वहिनी तोच ॲप्रन घालून वावरात वाकल्या, हे मला माहीत आहे, तरीही. वक्त्यांनी ॲप्रन पाहिला आणि त्यांचा आवाज सभेतल्यासारखा झाला. खाली पाटी कशी लावायची तेही त्यांना तिथेच सुचलं: ‘कर्मयोग्याच्या हृदयावरचा पराग.’ बरोबरच्या एकाने ते लगेच फोनमध्ये टिपून घेतलं. माझेही डोळे भरून आले होते, हे मी नाकारत नाही.

वहिनी चहा घेऊन आल्या आणि आम्ही सगळे कशाकडे बघतोय ते त्यांनी पाहिलं.

“ती भाजीनी हयद शे,” त्या म्हणाल्या. “जेवन झायं का त्यालेच हात पुसेत. मी दोन डाव धुई टाका, निंघत नही.”